न्हाणीतले थोर लोक

लातूर जिल्हा झाला आणि मला लिहायला स्वतःची जागा मिळाली. पहिल्या गोष्टीचं श्रेय घ्यायला गावात वाट्टेल तेवढी माणसं होती. दुसरीचं श्रेय दुष्काळाचं. ते मी आजवर कुणाला उघड सांगितलेलं नाही, कारण लोक मारायला उठले असते.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीकाठी वाढले, त्यामुळे पाणी ही काटकसरीनं वापरायची वस्तू आहे हे मला माहीतच नव्हतं. लग्न होऊन लातूरला आले त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला हात धुताना पाहिलं आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारून सांगितलं, "नांदेडची हाय बरं का. नुसते हात धुवायला तांब्याभर पानी घेती!" झालं. तेव्हापासून गल्लीत कुणाच्या हातून पाणी सांडलं की बायका म्हणायच्या, "काय गं, नांदेडची झालीस का?" मी शाळेत मास्तरीण होते, पोरी मला चळाचळा कापायच्या, पण गल्लीत माझी ओळख ही अशी.

तर जिल्हा नवा झाला होता. जुन्या जिल्ह्यातून फुटून आम्ही वेगळे निघालो होतो, आणि वेगळी चूल मांडलेल्या सुनेच्या अंगात येतं तसं गावाच्या अंगात आलं होतं. चहावाल्यानं पाटी बदलून 'जिल्हा टी हाऊस' केलं. न्हाव्यानं 'जिल्हा केशकर्तनालय' केलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचीसुद्धा 'जिल्हा फ्लोअर मिल' झाली, दळण मात्र पहिल्यासारखंच जाडं निघायचं. आमचे हे नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागले आणि घरातसुद्धा छाती काढून चालायला लागले. रोज संध्याकाळी येऊन सांगायचे, "आता नळाला पाणी येतंय बघ. पाइपलाइनचं काम जोरात चालू आहे. उद्या नाहीतर परवा." हे ते इतक्या वेळा म्हणाले की आमच्या घरात 'उद्या नाहीतर परवा' म्हणजे 'कधीच नाही' असा अर्थ होऊन बसला.

नव्या जिल्ह्याला इतिहास पाहिजे, हे पुढाऱ्यांच्या ध्यानात जरा उशिरा आलं. मग एक समिती झाली, स्मरणिका काढायची ठरलं. समितीतले पुरुष शुभसंदेश आणि स्वतःचे फोटो कुठल्या पानावर यावेत यात गुंतलेले, म्हणून 'जिल्ह्यातील थोर ऐतिहासिक व्यक्ती' हा भाग माझ्या गळ्यात आला. समितीचे चिटणीस एक निवृत्त हेडमास्तर होते. सर मला म्हणाले, "बाई, घर-संसार सांभाळून जमत नसेल तर आत्ताच सांगा. आमचे एक शिक्षक तयार आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जमेल!" म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की सरांनी चष्मा सावरला.

जमेल म्हणणं सोपं होतं. मी सुट्ट्यांमध्ये एसटीनं गावं पालथी घालायला लागले. शिरूर अनंतपाळ, उदगीर, निलंगा. देवणीला एका जुन्या सरदाराची माहिती काढायला गेले, तर लोकांनी आधी गोठ्यात नेऊन वळू दाखवला. सरदाराच्या बापाचं नाव कुणाला सांगता येईना, पण त्या वळूच्या सगळ्या पिढ्या म्हातारे घडाघडा म्हणायला लागले. मी वहीत वळूची वंशावळ लिहून घेतली आणि परत आले.

घरी कागदांचा नुसता उकिरडा झाला. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी. टेबल नाही. संत गादीखाली, किल्लेदार ज्वारीच्या पोत्यावर, एक राणी तुरीच्या डाळीच्या डब्यात. एकदा मी एका सरदाराचे कागद शोधून शोधून वेडी झाले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यो पगडीवाला का? त्याच्यावर सकाळी भाकरी भाजल्या की."

"चुलीत घातला?"

"वाळका व्हता. चांगला पेटला."

मी घर डोक्यावर घेतलं. रडले, ओरडले, म्हणाले की ह्या घरात मला कागद ठेवायला एक कोपरा नाही. आत्याबाई भाकरी थापतच होत्या. "कोपरा कुनाला हाय?" त्या म्हणाल्या. "मला तरी कवा होता?" त्यावर मी आणखी चिडले.

तेवढ्यात दुष्काळ मदतीला आला. हे असं लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. विहिरी आटल्या, नळ तर केव्हाच गेला होता. टँकर मनात आलं की यायचा. न्हाणीत अंघोळ केली की पाणी मोरीतून गटारात जातं, हे आत्याबाईंना सहन होईना. त्यांनी फर्मान काढलं की आजपासून सगळ्यांनी अंगणात, घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची, आणि घमेल्यातलं पाणी पपईला घालायचं. पोत्यांचा आडोसा उभा राहिला. आमचे हे, नव्या जिल्ह्याचे सरकारी नोकर, रोज सकाळी लंगोट लावून घमेल्यात पाय जुळवून उभे राहायचे आणि पोत्याआडून पाइपलाइनची प्रगती सांगायचे. पपई मात्र तरारली. सगळ्या गल्लीत हिरवं असं तेवढंच होतं.

न्हाणी रिकामी पडली. दुसऱ्या दिवशी मी ती बळकावली.

यांनी शाळेच्या भंगारातून एक बाक आणला. तो दारातून आत जाईना, म्हणून त्याचे पाय कापले. मग मी अंघोळीच्या पाटावर मांडी घालून त्या बुटक्या बाकावर लिहायला बसले, आणि काय सांगू, इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं. दाराला आतून कडी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी आतून कडी लावून बसत होते आणि अंगावर कपडे होते.

मग मांडामांड सुरू केली. कोनाड्यात साबणाच्या जागी संत ठेवले. तांब्याच्या बंबात सरदार आणि किल्लेदार कोंबले, ते तिथं शोभत होते. दोरीला चिमट्यांनी राण्या टांगल्या. कोळशाच्या टोपलीत निजामाच्या काळातले अंमलदार. ज्यांच्याविषयी नुसतंच ऐकलं होतं, पुरावा काही नाही, असे सगळे दगडी रगड्यात. आणि जो लेख पुरा व्हायचा, पक्का, शाई वाळलेला, तो मोठ्या घंगाळात. घंगाळ घरातलं सगळ्यात मानाचं भांडं, आत्याबाईंच्या लग्नातलं. ते नळाखाली ठेवलं होतं, कारण न्हाणीत तेवढी एकच जागा उरली होती.

नळ उघडाच होता. दुष्काळात नळ बंद करायचा नसतो, नाहीतर पाणी आलेलं कळायचं कसं? सगळ्या गल्लीतले नळ असे आ वासून बसलेले होते. आमच्या नळाची चावी तर गंजून जागच्या जागी अडकली होती, आणि तोटीत कोळ्यानं घर केलं होतं.

आत्याबाई सुरुवातीला रोज दारात उभ्या राहायच्या. "काय करायलीस गं आत?"

"इतिहास."

"न्हानीत?"

मग त्या हळूहळू आत यायला लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, नावं लक्षात राहत नव्हती. त्या लोकांना भांड्यांवरून ओळखायच्या. "त्या बंबातल्याचं झालं का? का अजून लढायलाय त्यो?" एकेकाची झडती घ्यायच्या. ह्यानं काय केलं? लढाई केली. मंग? मग दुसरी लढाई केली. "आन् लोकान्ला प्यायला?" मी कागद चाळायचे आणि म्हणायचे, त्याविषयी काही सापडत नाही. "मंग कशाला थोर?" असं म्हणून त्या निघून जायच्या. त्यांच्या हिशेबात माझा अख्खा बंब नापास झाला.

पास झाली ती एकच, दोरीवरची एक बाई. एका किल्लेदाराची विधवा. नवरा गेल्यावर तिनं गावासाठी पायऱ्यांची दगडी बारव बांधली होती, आणि ती उदगीरकडच्या एका गावात अजून उभी होती. आत्याबाई खाली बसल्या. बाई दिसायला कशी होती, तिला पोरंबाळं होती का, सगळं विचारलं. मग विचारलं, "त्या बारवंत आमच्या मानसान्ला उतरू देत व्हते का?"

आमचं घर बौद्ध. धम्म घेतला तेव्हा आत्याबाई तरण्याताठ्या होत्या, पण त्याआधीचं त्या काही विसरल्या नव्हत्या. मी म्हणाले, नाही.

"माझी आज्जी वर काठावर बसायची. उन्हात. कुनी पोहरा वतला तर वतला, न्हाई तर दुपार गेली." मग वहीकडे बोट दाखवलं. "लिही. बाई चांगली व्हती, पर आमाला खाली उतरू देत नव्हते. एवढी वळ लिही आन् मंग दे तिला पयला नंबर."

मी लिहिलं. त्यांनी ती ओळ माझ्याकडून पुन्हापुन्हा वाचून घेतली, पोलीस जबाब तपासतात तसं. तो लेख पुरा होऊन घंगाळात गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी न्हाणीच्या दारातून हाक यायची, "माझी वळ हाय ना?" मी आतून म्हणायचे, "आहे."

मग एके दिवशी चिटणीस सर काम बघायला आले. त्यांना कुठं नेणार? नेलं न्हाणीत. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते वाकून आत शिरले आणि पाटावर बसले. आत्याबाईंनी अर्धा कप चहा दिला. सरांनी बंबाकडे पाहिलं, रगड्याकडे पाहिलं, डोक्यावर लोंबणाऱ्या राण्यांकडे पाहिलं.

"बाई, मुख्य प्रश्न असा आहे," सर खाकरले, "यातले आपले किती आणि त्यांचे किती?"

'त्यांचे' म्हणजे जुन्या जिल्ह्याचे. तिकडेही एक स्मरणिका निघत होती, आणि आपले थोर लोक ते पळवतील असा सरांना धसका होता. मी म्हणाले, "सर, ही माणसं कैक पिढ्यांपूर्वीची. जिल्हा आत्ताच फुटलाय. त्यांना काय माहीत कुणाच्या वाट्याला जायचं?"

"तरी पण. हे संत घ्या. मेले कुठं?"

"आपल्याकडे. पण जन्म तिकडचा."

"जन्म काय, कुणाचाही कुठंही होतो! समाधी महत्त्वाची. घ्या आपल्यात."

"आणि हे दुसरे? जन्म आपला, समाधी तिकडं."

सरांनी चष्मा पुसला. "मरण काय, कुणालाही कुठंही येतं. जन्मभूमी महत्त्वाची. घ्या."

अशा रीतीनं सगळेच आपले झाले. सर खूश होऊन उठले आणि त्यांचं डोकं तोटीला लागलं. डोकं चोळत म्हणाले, "बाई, इथं पाणी आलं तर?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पण ते गेल्यावर मी तोटीकडे बघत बसले. पाणी आलं तर? पाणी आलं की अंघोळी न्हाणीत, बाक अंगणात, कागद पुन्हा गादीखाली, आणि मी पुन्हा डाळीच्या डब्यापाशी. गाव पाण्यासाठी झुरत होतं. महादेवाला पाण्यात कोंडावं असं एका पार्टीनं ठरवलं, मग कोंडायला पाणी कुठून आणायचं यावर त्यांच्या बैठका सुरू झाल्या. विहारात वंदना झाली की बायका हात जोडून पावसाचं, नळाचं बोलायच्या. मीही हात जोडून बसायचे आणि मनात म्हणायचे, येऊ दे रे पाणी, सगळ्यांना मिळू दे, फक्त जरा दमानं. माझे एवढे लेख होऊ दे. इतकी नालायक बाई लातूर जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मला तेव्हा वाटायचं, आणि तरी रोज तेच मागायचे.

रविवारची दुपार होती. मी शेवटचा लेख लिहीत होते. नळातून खर्रर्र आवाज आला. मला वाटलं उंदीर. मग शिट्टी वाजली, कोळी तोटीतून टुणकन उडी मारून संतांच्या कोनाड्यात गेला, आणि मी "अगं बाई" म्हणेपर्यंत तांबडंलाल पाणी धबाधबा घंगाळात कोसळायला लागलं.

मी चावीला लोंबकळले. चावी हलेना. घंगाळ ओढायला गेले, तर ते पाण्यानं जड झालेलं आणि एकीकडून बाकात अडकलेलं. मी जी किंकाळी फोडली ती जिल्हाभर गेली असेल. बाहेर गल्लीत "नळ आलाऽऽ" म्हणून एकच गलका. भांडी आपटत होती, बायका पळत होत्या. आत्याबाई रिकामा हंडा काखेत घेऊन धावत न्हाणीत आल्या. किती महिन्यांनी त्यांनी नळाचं पाणी पाहिलं असेल! त्या पाण्याकडे पाहत एक क्षण तशाच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी हंडा फेकला. कमरेला पदर खोचला, बाकाला लाथ घातली आणि घंगाळाच्या कडीला धरून असा हिसका दिला की ते नळाखालून बाजूला आलं. पाणी सरळ फरशीवर, फरशीवरून मोरीत, मोरीतून गटारात. आत्याबाई गुडघे टेकून बसल्या आणि एकेक कागद तळव्यावर अलगद उचलून लुगड्याच्या ओच्यात घालायला लागल्या.

आणि मी काय करावं? इतक्या वर्षांचं त्यांचंच वळण. मी फेकलेला हंडा उचलून नळाखाली लावायला धावले. "आत्याबाई, पाणी चाललंय!"

"जाऊ दे!"

"अहो पण पाणी—"

"जाऊ दे म्हनलं ना! त्यो हंडा ठिव आन् कागद धर. फाटंल ते, दोन हातांनी धर!"

शेजारीण दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. तिचे डोळे पांढरे झाले. "आवं, सगळं गटारीत चाललंय की!"

"तुला काय करायचंय?" आत्याबाई मानसुद्धा वर न करता म्हणाल्या.

शेवटचा कागद निघाला तेव्हा नळानं एक उचकी दिली आणि तो बंद पडला. सगळ्या गल्लीची टिपं, घागरी, पातेली भरली होती. घंगाळातलं शाईचं पाणी आत्याबाईंनी पपईला घातलं; आमच्या घरात प्यायला तांब्याभरसुद्धा नाही. संध्याकाळी हे नाचतच आले. "बघ! म्हणालो होतो ना! ट्रायल घेतली आज. किती भरलं?" मी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी पपईकडे पाहिलं.

अंगणात दोरीवर सगळे थोर लोक चिमट्यांनी वाळत टांगले. एकजात तांबडे झाले होते. गल्ली बघायला लोटली. शेजारणीनं तिच्या हंड्यातलं अर्धं पाणी आम्हाला आणून दिलं आणि जाता जाता म्हणाली, "आत्याबाई, तुमी पन नांदेडच्या झालाव की वो." आत्याबाई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "माझी वळ बघ आधी." मी तो कागद काढला. शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता मला इतकं रडू आलं की शेजारणीला वाटलं किल्लेदारीण माझी नातेवाईक आहे.

नंतर खरंच पाणी यायला लागलं. चार-पाच दिवसांआड, पण यायला लागलं. माझे दिवस भरले हे मी ओळखलं. लेख सरांना देऊन टाकले. सरांनी ती ओळ काढा म्हणून सांगितलं, मी नाही म्हणाले, ते म्हणाले बाई तुम्ही भांडखोर आहात, मी हो म्हणाले. ओळ छापून आली. घरी येऊन मी न्हाणी उपसायला घेतली. बंब घासला, कोनाड्यात साबण ठेवला, बाक अंगणात काढला. घंगाळ चिंचेनं लख्ख करून नळाखाली ठेवलं आणि डोळे पुसून म्हणाले, "आत्याबाई, न्हाणी मोकळी केली. जा, चांगली पोटभर अंघोळ करा."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. मग बादली उचलली आणि सरळ आडोशामागं गेल्या. घमेलं ओढल्याचा आवाज आला.

"अगं आई, आता कशाला अंगणात?" हे वैतागले. "पाणी येतंय ना नळाला!"

"पपईला सवय लागलीया," पोत्यामागून आवाज आला. "न्हानीत न्हालं तर ती वाळंल. तिला काय तुझा बाप पानी घालनार हाय?" यांचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आन् ए नांदेडच्ये, त्यो बाक उन्हात तडकंल. आत घे."

मी बाक आत घेतला.

पुढं कैक वर्षं आम्ही पपईसाठी अंगणात अंघोळ करत होतो. पाहुण्यांना नवल वाटायचं. मी न्हाणीत बसून लिहायचे, नळ आला की उठून भांडी लावायचे, पुन्हा बसायचे. मग एका वैशाखात मोठी वावटळ आली आणि पपई बुडासकट पडली. मी खोड बाजूला केलं, तिचं आळं तेवढं राहिलं. मी मनातल्या मनात कागद आवरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडोशामागं घमेलं वाजलं. मला राहवेना. "आत्याबाई," मी न्हाणीच्या दारातून म्हणाले, "पपई गेली की."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" त्या आतून म्हणाल्या. "दार लाव आन् लिही गुमान."

मी दार लावलं, पण फटीतून पाहत राहिले. त्या अंघोळ करून, लुगडं नेसून बाहेर आल्या, घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं पाणी त्या रिकाम्या आळ्यात नेऊन ओतलं.